जस्ताच्या वड्या

गोदीतली ती विनाशिका युद्धनौका केवढी, तर तिच्या बुडाखाली उभं राहिलं की आभाळ दिसत नाही. क्षेपणास्त्रांशी दोन हात करायला बांधलेली ही बया, आणि भ्यायची कशाला, तर खाऱ्या पाण्याला! म्हणून तिच्या बुडाला जागोजागी जस्ताच्या वड्या जोडतात. समुद्राने खायचं ते त्यांना खावं, पोलादाला सोडावं. त्यांना मात्र रंग लागता कामा नये. रंग लागला की त्या नुसत्या शोभेच्या. गोदीतल्या कुठल्याही रंगाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो हे सांगेल.

तिथे रंगकाम करणाऱ्या दोघा भावांतला थोरला म्हणजे तर गोदीतला नावाजलेला हात. धाकटा त्याच्याच टोळीत. स्वभावाने गरीब गाय, पण कामात वेंधळा. त्या दुपारी मात्र गड्याने काम चोख केलं. शेवटचा थर वाळल्यावर वड्यांवर चिकटवलेले कागद काढले आणि डबा खायला गेला. मागून थोरला आला. अंधुक उजेडात लाल रंगात राखाडी डाग दिसले. "सोडल्याच याने जागा. निस्तरायला मी आहेच," असं पुटपुटत त्याने ब्रश फिरवला. चूक धाकट्याचीच असणार हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं, की निरखून बघितलंसुद्धा नाही.

तपासणीत वड्या रंगलेल्या सापडल्या. नौका पाण्यात सोडायचा दिवस तोंडावर आलेला. मुकादम भडकला आणि सरळ धाकट्यावर घसरला. "उद्यापासून येऊ नकोस."

"मी नाही लावला," धाकटा म्हणाला. मग स्वतःच घुटमळला. "लावलाही असेल. माझं काही सांगता येत नाही."

थोरला शेजारीच उभा होता. त्याच्या लक्षात सगळं आलं होतं, पण तो हातातला ब्रश पुसत राहिला.

धाकट्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले. संध्याकाळी तो थोरल्याच्या दारात आला आणि म्हणाला, "दादा, तुझं नाव घालवलं मी." थोरल्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. स्वतःची किळस आली.

सकाळी तो मुकादमासमोर उभा राहिला. "वड्या मी रंगवल्या. भावाचा दोष नाही."

मुकादम हसला. "तुझा हात आणि वडीवर? कुणाला सांगतोस? भावासाठी जीव तुटतो, समजतं मला."

"खरंच मी."

"बरं, बरं. तुझ्या शब्दाखातर घेतो त्याला परत. पण ब्रश द्यायचा नाही. त्याला खरवडायला बसव."

आणखी एकदा सांगायला काय लागत होतं? ब्रशचे फटकारे अजून वड्यांवर होते, उजव्या हाताचे, त्याच्या नेहमीच्या वळणाचे. धाकटा तर डावखुरा. मुकादमाला खाली नेऊन बोट दाखवलं असतं की झालं. पण खरं सांगूनही नाव शाबूत राहिलं, याने त्याला आतून हायसं वाटलं होतं. तो आपल्या कामाला निघून गेला.

थोड्या वेळाने धाकटा बुडाखाली बसून वड्या खरवडायला लागला. थोरला जवळ आला तसे धाकट्याचे डोळे भरून आले.

"दादा, माझ्यासाठी खोटं बोललास म्हणे. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

थोरला वडीकडे बघत राहिला. कडेला एक फटकारा शिल्लक होता.

"तिथं राहिलाय थोडा," तो म्हणाला.

धाकट्याने मान डोलावली आणि तोही खरवडून टाकला.