दोरीबाईची रेघ

भवनात तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून तिचं कधी अडलंही नाही. कामाला लागली त्या दिवशी मुकादमानं तिच्या हातात दोरीचं एक टोक दिलं, तेव्हापासून निवृत्तीच्या हारापर्यंत ती दोरीबाईच होती.

भवनाचं मुख्य दालन म्हणजे छपराखालचं मैदान. प्रदर्शन असो की परिषद, आदल्या दिवशी त्या उघड्या फरशीवर कुणाचा गाळा कुठे आणि वाट कुठून, हे आखून द्यावं लागे. दोरी निळीत घोळवायची, दोघांनी दोन टोकं दाबून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. फट्! फरशीवर निळी रेघ. दुसरं टोक ज्या सुताराच्या हातात असे, त्याच्याशीच पुढे तिनं लग्न केलं. "इतकी वर्षं समोरासमोर बसलो, आता एका बाजूला बसू," असं तो म्हणाला होता. याहून गोड बोलणं त्याला पुढे जन्मभर जमलं नाही. सुतार जाऊन आता बराच काळ लोटला होता. त्याची दोरी मात्र तिच्या कपाटात, निळीच्या डबीशेजारी, गुंडाळून ठेवलेली होती.

त्या भवनानं काय काय पाहिलं होतं! मुळात तिथं रेल्वेचे डबे दुरुस्त व्हायचे. नीट पाहिलं तर फरशीत बुजवलेले रूळ अजून दिसत. मग यंत्रांची प्रदर्शनं आली, डॉक्टरांची अधिवेशनं आली. कधी हजारो मुलं एका वेळी खाली माना घालून परीक्षा देत, तर पुढच्याच आठवड्यात तिथं कुत्र्यांच्या सौंदर्यस्पर्धा भरत, आणि परीक्षेपेक्षा कुत्र्यांच्या वेळी शिस्त जास्त असे. एका वर्षी नदी फुगली आणि अर्धं गाव भवनात राहायला आलं. त्या वेळी दोरीबाईनं आणि सुतारानं प्रत्येक कुटुंबाला एकेक चौकोन आखून दिला. भिंत नाही, दार नाही, नुसती निळी रेघ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो प्रत्येक रेघेबाहेर चपला ओळीनं काढून ठेवलेल्या! शेजारीण शेजारणीकडे जाताना रेघेपाशी थांबून विचारी, "येऊ का?" हे आठवलं की दोरीबाईला अजूनही हसू येई आणि डोळ्यांत पाणीही.

तर अशा भवनात तिच्या नातीनं पहिल्यांदा गाळा घेतला. नात दाबलेल्या लोकरीच्या सपाता बनवी. मऊ, उबदार, घरात घालायच्या. घरभर लोकर, साबणाचा वास, आणि मोरीत कायम काहीतरी भिजत पडलेलं. तिचा बाप, म्हणजे दोरीबाईचा थोरला मुलगा, शेवटी वैतागला. "हे एक प्रदर्शन कर. माल खपला तर मी तोंड उघडणार नाही. नाही खपला, तर काकाच्या कचेरीत जाऊन बसायचं, आणि कुरकुर करायची नाही." नात म्हणाली, "चालेल." बोलली धीटपणे, पण रात्री तिचं जेवण पानातच राहिलं.

नातीनं चौकशी करकरून मधल्या रांगेत, खाण्याच्या टपऱ्यांजवळ जागा मिळवली होती. मांडामांडीच्या दिवशी दोरीबाई सोबत गेली. जागा पाहून तिनं नाक मुरडलं.

"इथं कोण येणार गं? पूर्वेच्या दाराशी जागा घे. सगळं जग त्या दारानं आत येतं."

"अजून येतं का, आजी?"

"येतं का म्हणजे? आख्खी हयात गेली माझी इथं! तो बघ, आत्ताही वाहतोय तो दरवाजा."

दार खरंच वाहत होतं. हातगाड्या, खोकी, माणसं, आरडाओरडा. नातीनं कार्यालयात जाऊन जागा बदलून मागितली. तिथली बाई इतक्या चटकन "हो" म्हणाली, की तेव्हाच शंका यायला हवी होती. मधल्या जागेवर एक गादीवाला आला आणि दोघींचे तीनतीनदा आभार मानून गेला. दोरीबाईला वाटलं, किती सभ्य माणूस!

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं. दोघी गाळ्यात नटूनथटून बसल्या. पूर्वेचं दार मात्र बंदच. जरा वेळानं एक हमाल आला आणि त्यानं दाराला रिकाम्या खुर्च्यांची चळत टेकवून ठेवली.

"अरे, दार कधी उघडणार?" दोरीबाईनं विचारलं.

"परवा. माल परत न्यायला."

"आणि लोक कुठून येणार?"

"पश्चिमेकडून, मावशी. बसस्थानक तिकडे गेल्यापासून इकडून फक्त माल येतो."

आत्तापर्यंत स्वतःच्या आठवणीवर दोरीबाईनं कधी संशय घेतला नव्हता. दिवसभर त्या कोपऱ्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. एक गृहस्थ आले, त्यांनी सपातांकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "स्वच्छतागृह कुठे आहे?" लांबवर गादीवाल्याकडे ही झुंबड उडालेली. माणसं बिनधास्त गाद्यांवर आडवी होत होती.

"माझं मेलीचं डोकं फिरलं होतं," संध्याकाळी दोरीबाई म्हणाली. "हातानं तुझ्या पायावर धोंडा पाडला मी."

नात सपाता खोक्यात भरत होती. ती वर न बघता म्हणाली, "जाऊ दे गं. काकांच्या कचेरीत निदान पंखा आहे."

ती चिडली असती तर बरं, असं दोरीबाईला वाटलं.

घरी जाऊन ती अंथरुणावर पडली, पण डोळ्यासमोरून तो कोपरा हलेना. आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं, की दिवसभरात तिथं कुणीच आलं नव्हतं असं नाही. गाळेवाले येत होते. खुर्च्यांच्या चळतीमागे जरा आडोसा होता. एकेक जण तिथं येऊन बूड टेकवी, बुटातून टाच बाहेर काढून चोळी आणि पुन्हा लंगडत आपल्या गाळ्याकडे जाई. भवनाची फरशी पहिल्यापासून तशीच. दिवसभर उभं राहिलं की पायांचे नुसते धोंडे होतात. हे तिच्याइतकं कुणाला माहीत!

सकाळी निघताना तिनं कपाटातून दोरी आणि निळीची डबी काढून पिशवीत टाकली.

"आजी, आता हे काय?" कोपऱ्यात पोचल्यावर नातीनं विचारलं.

"टोक धर. दाबून. आणि हलू नकोस, तुझा आजोबा हलायचा."

नातीनं टोक धरलं. दोरीबाई गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली, दोरी ताणली, चिमटीत उचलून सोडली. फट्! गाळ्यापुढे सरळसोट निळी रेघ उमटली. रेघेच्या आत चळतीतल्या चार खुर्च्या मांडल्या.

तेवढ्यात बल्ब्या आला. भवनाचा जुना वायरमन, दोरीबाईच्या वेळचा आता तो एकटाच कामावर उरला होता.

"कोण, दोरीबाई? अहो, मला वाटलं तुम्ही कधीच..."

"मेले? नाही रे, अजून तुझा पाहुणचार घ्यायचाय. ये, बस."

बल्ब्या पुढे आला. रेघेपाशी थबकला. खाली पाहिलं, आणि बूट काढून बाहेर ठेवले. पुराच्या वेळी तो आईला घेऊन अशाच एका चौकोनात राहिला होता.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

"ये की," दोरीबाई म्हणाली.

फरशी बर्फासारखी. नातीनं झटकन सपातांचा एक जोड पुढे सरकवला. बल्ब्यानं पाय आत घातले आणि डोळे मिटून घेतले. "आई गं!" एवढंच म्हणाला. उठायचं नाव घेईना. त्याचे बूट तसेच बाहेर.

पुढची आली भांडी विकणारी बाई. तिनं बाहेरचे बूट पाहिले, रेघ पाहिली, आपल्याही टाचेच्या चपला काढल्या. कुणी सांगितलं नाही, पाटी लावली नाही. एकाचं पायताण बाहेर दिसलं की दुसरा आपोआप उतरवतो. अनवाणी माणसापुढे सपाता ठेवल्यावर तो काय करणार? भांडीवाली त्या घालूनच आपल्या गाळ्यात परतली. शेजारणीनं विचारलं, तिनं कोपरा दाखवला. दुपारपर्यंत रेघेबाहेर पादत्राणांची रांग लागली. खुर्च्या कमी पडू लागल्या. शेवटी स्वतः गादीवाला आला.

"तुमची जागा घेतली म्हणून रागावला नाहीत ना?" पाय चोळत त्यानं विचारलं.

"छे! तुमच्यामुळेच तर आमचं बरं चाललंय," दोरीबाई म्हणाली. "लोक तुमच्याकडे आडवे होतात आणि तुम्ही उभे!"

त्यानं दोन जोड घेतले, एक बायकोसाठी. गाळेवाल्यांच्या पायांत सपाता पाहून मग लोकही शोधत शोधत कोपऱ्यापर्यंत येऊ लागले.

शेवटच्या संध्याकाळी पूर्वेचं दार उघडलं. हातगाड्या आत आल्या, आणि त्यांच्यामागून नातीचा बाप, उरलेली खोकी न्यायला म्हणून. चेहरा आधीच समजुतीचा करून आला होता. रेघेपाशी आला, थांबला, आणि लहानपणची सवय असल्यासारखा बूट काढून आत शिरला.

"खोकी कुठेत?"

"रिकामी आहेत," नात म्हणाली. "एकात एक घातलीत."

तो मोज्यांवर उभा. फरशीचा गारवा तळव्यांतून वर चढू लागला तसा तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लागला. "माझ्या मापाचा एखादा जोड...?"

"संपला."

दोरीबाईनं तोंडाला पदर लावला. मुलानं आईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मग कान खाजवत तो म्हणाला, "बरं बाई. मी तोंड उघडणार नाही म्हणालो होतो, नाही उघडत. पण काकाला काय सांगू? त्यानं तुझ्यासाठी खुर्ची काढून ठेवलीय."

नात खाली बसून दोरी गुंडाळत होती. अगदी आजोबासारखी, कोपर आणि अंगठ्याच्या बेचक्यात.

"सांगायचं काही नाही, बाबा," ती म्हणाली. "त्यांच्या पायाचं माप तेवढं विचारून घ्या."