शेजाऱ्याला विचारून घ्या

आप्पासाहेबांनी उभी हयात वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला काढली. दुसऱ्यांनी घाम गाळून तयार केलेल्या मालात खोट शोधायची, तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची आणि माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "आप्पांच्या नजरेतून काही सुटत नाही." हे वाक्य आप्पांना इतकं गोड लागलं की कंपनी सुटली तरी त्यांनी काम सोडलं नाही. फक्त मालाच्या जागी माणसं आली.

वसाहतीत त्यांची ख्याती होती. आप्पासाहेब म्हणजे खरा माणूस, तोंडावर बोलणारा. यातलं 'तोंडावर' तेवढं चूक होतं, कारण ते बहुतेक पाठीमागंच बोलत. पण खरं बोलत, यात वाद नव्हता. कुणाचा जावई नुसताच दिसायला बरा, कुणाचं कर्ज थकलंय, कोण एकादशीला ऑम्लेट खातो, हे सगळं त्यांच्याकडं तपासून ठेवलेलं असायचं. स्वतःकडं नजर वळवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तसा तो माल तपासणीसाठी आलाच नव्हता.

त्यांच्या भिंतीला भिंत लावून सर्जेराव राहत. कंपनीच्या शिफ्टच्या बसवर ड्रायव्हर होते, तेही आता घरीच असत. त्यांचा गोकुळ आणि आप्पांचा इंद्रजीत एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, एकाच मोटरसायकलवरून जायचे. इंद्रजीत वर्षानं मोठा. दोघंही लग्नाचे, आणि दोघांचंही जमत नव्हतं. शेतीवाल्याला पोरगी मिळत नाही म्हणून गावोगावची पोरं कंपनीत आली, तर आता पोरीकडचे विचारतात, कंपनी ठीक आहे, पण परमनंट आहे का?

अशात एका सकाळी वेरूळकडचे दोन पाहुणे पांढऱ्या जीपमधून उतरले आणि आप्पांच्या फाटकाशी थांबले. शेजारच्या गोकुळची चौकशी करायला आले होते. आप्पांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत गप्पांगप्पांत मुलीकडच्यांची सगळी चौकशी स्वतःच करून घेतली. उसाची जमीन, शिकलेली पोरगी, माणसं सालस. आप्पांच्या पोटात बारीकसं दुखलं. असं स्थळ आपल्या इंद्रजीतला सोडून भिंतीपलीकडं निघालं होतं.

"तुम्ही शेजारी," पाहुणे म्हणाले. "तुमचं नाव ऐकून आलो. पोरगा कसा हाय?"

"पोरगा चांगलाच आहे," आप्पा म्हणाले. "पण..."

"पण काय?"

"नाय, काही नाय. माणसानं दुसऱ्याच्या सोयरिकीत तोंड घालू नये."

आणि आप्पांनी तोंड घातलं. पोरगा कंपनीत आहे, पण कंत्राटी. आज आहे, उद्या नाय. आन् कधीमधी घेतो. आपण पाहिलं तेवढंच सांगतोय, पुढं तुमची मर्जी. पाहुण्यांनी चहा संपवला, आभार मानले आणि सर्जेरावांच्या दाराकडं न बघताच जीप वळवली.

आता गोकुळ जे 'कधीमधी' प्यायला होता, ते आयुष्यात एकदाच, मागच्या विसर्जनाला. आप्पांच्या मोगऱ्याच्या कुंडीत तो ओकला, म्हणून आप्पांच्या पक्कं लक्षात होतं. त्याच वेळी कुंडीच्या पलीकडच्या बाजूला इंद्रजीत आडवा पडलेला होता, हेही लक्षात होतं. इंद्रजीतही कंत्राटीच होता. पण पाहुण्यांनी ते विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगणारा माणूस चोंबडा असतो, असं आप्पांचं स्पष्ट मत होतं.

"काय गरज होती हो?" वच्छलाबाईंनी कपबश्या उचलता उचलता विचारलं.

"खरं बोलायला गरज लागते का?"

"तुमच्या पोटात दुखलं, म्हणून खरं बोललात."

पोटदुखी वेगळी आणि सत्य वेगळं, हे आप्पांनी बायकोला बराच वेळ समजावलं. तिला पटलं नाही. त्यांना स्वतःलाही फारसं पटलं नाही. पण दोन दिवस जेवण मात्र छान गेलं.

गोकुळचं मोडलं ते का मोडलं, हे सर्जेरावांना कळायला फार वेळ लागला नसणार. भिंती पातळ होत्या. सर्जेराव भेटले की पूर्वीसारखाच रामराम करत. द्वारकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मात्र आप्पांकडं बघणंच सोडलं. आप्पा समोर दिसले की त्या असल्या नजरेनं मागच्या विजेच्या खांबाकडं बघत, की आप्पांना आपण पारदर्शक झाल्यासारखं वाटे.

मग दिवाळीनंतर इंद्रजीतला रूपालीचं स्थळ सांगून आलं. मुलगी कन्नड गावची, बँकेत लागलेली. दोघं एकदा भेटले, मग फोनवर बोलू लागले, आणि ज्या पोरानं जन्मात शर्टाला इस्त्री केली नव्हती तो पहाटेच्या शिफ्टला जाताना इस्त्रीचा शर्ट घालू लागला. एकदा तो आईला म्हणाला, "आई, हे मोडलं तर आता दुसरं बघू नका." आप्पांनी ते शेजारच्या खोलीतून ऐकलं. पोराचा आवाज तसा कधी लागत नसे.

रूपालीचे वडील घर बघून गेले. उठताना हात जोडून म्हणाले, "आम्हाला सगळं पसंत हाय. आता जरा शेजारीपाजारी विचारून घेतो. रीत असती."

"विचारा की," आप्पा म्हणाले, आणि थंडीच्या दिवसांत त्यांना दरदरून घाम फुटला.

कारण शेजारी म्हणजे कोण? एका बाजूला नाला होता.

दुसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आप्पा सर्जेरावांकडं गेले. अंगणातल्या जुनाट स्कूटरला बघून "गाडी कशी चकाचक ठेवलीय!" म्हणाले. स्कूटरवर कोंबडी बसली होती. आत गेल्यावर त्यांनी गोकुळचं कौतुक केलं, सर्जेरावांच्या तब्येतीचं कौतुक केलं, शेवटी भिंतीच्या रंगाचंही केलं. सर्जेरावांनी एक लाडू तोंडात टाकला आणि टीव्ही बघत राहिले. मला माझ्या पोराबद्दल वाईट सांगू नका, एवढंच आप्पांना म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं तर आपण काय केलं तेही म्हणावं लागलं असतं. म्हणून ते गोल गोल फिरले.

"मला हल्ली असं वाटतं सर्जेराव, की माणसानं सगळंच खरं सांगत बसू नये."

"व्हय," सर्जेराव टीव्हीकडंच बघत म्हणाले. "पर तुम्ही तर सांगता."

एवढ्यात द्वारकाबाई आतून आल्या. त्यांनी लाडू ताटलीत काढून घेतले, डबा तिथल्या तिथं घासला, पुसला आणि आप्पांच्या हातात दिला. रिकामा. आपल्याकडं शेजारचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. आप्पा तो डबा छातीशी धरून घरी आले. वच्छलाबाईंनी झाकण उघडून आत बघितलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

त्या रविवारी रूपालीचे वडील सर्जेरावांच्या घरात शिरले. आप्पा गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीमागं उकिडवे बसले. ऐकू काही येईना, पण बसून राहिले. निवृत्त माणूस, मधुमेही, गुडघे गेलेले, आणि टाकीमागं लपलेला. आपल्याला असं कुणी पाहिलं तर आपण त्याला काय सांगू, याचा त्यांनी विचार केला, आणि आपण त्या बघणाऱ्याच्या जागी असतो तर हे दृश्य वसाहतीत किती चवीनं सांगितलं असतं, तेही त्यांच्या ध्यानात आलं. खालून हसण्याचा आवाज आला. कुणावर हसताहेत? पाहुणे बाहेर पडले तरी आप्पांना उठता येईना, पायांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी वच्छलाबाईंनी येऊन हात धरून उठवलं.

"लाल चिठ्ठी लागली आपल्याला," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी फोन आला. रूपालीचे वडील म्हणाले, "सुपारी कधी फोडायची ते सांगा."

आप्पांना वाटलं, सर्जेराव खोटं बोलले असणार. त्यांनी चाचरत विचारलं, "शेजाऱ्यांनी काय सांगितलं?"

"सगळं सांगितलं त्यांनी! पोरगा कंत्राटी हाय म्हणाले. विसर्जनाला एकदा प्यायले होते म्हणाले, त्यांचं पोरगं आन् तुमचं, दोघं. म्हणाले, नळाला पाणी कुठलं, टँकरचं पाणी हौदात होतं, त्यातल्या बादल्या ओतल्या मी दोघांवर. त्यानंतर हात लावला नाय म्हणाले. आन् त्यांची बायको आजारी होती तवा तुमचा इंद्रजीत रोज शिफ्टवरून येऊन डबा देऊन जायचा, तेबी सांगितलं. आता बघा, जो माणूस वाईट लपवत नाय, त्याचं चांगलं खोटं कसं धरावं?"

डबा देऊन जायचा, हे आप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, पण हे सुटलं होतं.

ते तसेच शेजारी गेले. सर्जेराव अंगणात स्कूटर पुसत होते. द्वारकाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"सर्जेराव, तुम्ही..." आप्पा म्हणाले. "गोकुळच्या वेळेला मी..."

"खरंच सांगितलं होतं तुम्ही," सर्जेराव म्हणाले. "कंत्राटी हाय. प्याला होता."

"मग राग नाय आला?"

"लई आला. भिंत पाडून तुमच्या अंगावर यावं असं वाटलं." त्यांनी फडकं पिळलं. "पर रूपालीच्या वडलांनी विचारलं, पोरगा कसा हाय. आता बाप कसा हाय असं विचारलं असतं, तर गोष्ट येगळी."

द्वारकाबाईंनी एक चादर जोरात झटकली.

आप्पांना लाज वाटली. खरी, पोटातून उठणारी लाज. त्यांनी सांगितलं होतं तेच सर्जेरावांनी सांगितलं होतं, कंत्राट आणि दारू, फक्त एकदाचं 'कधीमधी' न करता. तरी एका दारावरून जीप वळून गेली होती आणि दुसऱ्या घरात सुपारी फुटणार होती. इतकी वर्षं आपण सत्य बोलतो म्हणून जी छाती फुगवली, तिच्यात बरीचशी हवा मत्सराचीच होती, हे त्यांना त्या अंगणात उभं असताना कळलं. आणि कळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सर्जेरावांचा रागच आला. या माणसाला एवढं चांगलं वागायची काय गरज होती? सूड उगवला असता तर फिटंफाट झाली असती. आता जन्मभर याच्या अंगणातून मान खाली घालून जायचं. माणूस किती हलकट असू शकतो, याचा नमुना म्हणून आपल्याला कंपनीत काचेच्या कपाटात ठेवायला हवं होतं, असं वाटून आप्पा स्वतःशीच हसले. हसणं कडवट होतं, पण हसणं होतं.

इंद्रजीतच्या लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच आप्पांचा फोन वाजला. ते ओट्यावर बसले होते. भिंतीपलीकडं द्वारकाबाई पापड वाळत घालत होत्या.

"रामराम. मी मुलीचा मामा बोलतोय, पैठणहून. तुमच्या शेजारच्या गोकुळची जरा चौकशी करायची व्हती."

आप्पा ताठ बसले. एवढे दिवस ते याच फोनची वाट बघत होते.

"पोरगा सोन्यासारखा आहे," ते म्हणाले. "निर्व्यसनी, कष्टाळू, आईबापाला धरून. डोळे मिटून द्या पोरगी."

मामा पलीकडं खाकरले.

"आप्पासाहेबच बोलताय ना?" मामांनी विचारलं. "नाय, म्हंजी आम्हाला सांगितलं व्हतं, की तुम्ही कुणाचंच चांगलं सांगत नाय. म्हणून तर तुम्हाला फोन लावला. काय झालंय? कुणी समोर बसलंय का तुमच्या?"

"कुणी नाय हो."

"मग काय तरी लपवताय. खोट सांगा, खोट. मोठी असंल तर तसं सांगा."

आपण जे आयुष्यभर पेरलं ते इतकं जोमदार उगवेल, याची आप्पांना कल्पना नव्हती. चांगलं बोलावं तर आपल्या तोंडातून ते चोरीच्या मालासारखं वाटतं, आणि गोकुळचं दुसऱ्यांदा आपल्याच तोंडानं मोडायची पाळी. वच्छलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भिंतीपलीकडं पापडांचा आवाज थांबला होता.

"बरं, ऐका," आप्पा म्हणाले. "पोरगा कंत्राटी आहे. एकदा दारू प्यायला होता, माझा पोरगा बरोबर होता, त्यानंतर दोघांनीही घेतली नाय. हे झालं बारीकसारीक. एक मोठी खोट आहे त्या स्थळात."

"बघा! मला वाटलंच. काय हाय?"

"शेजार वाईट आहे."

"शेजार? कोण शेजारी?"

"मी."

मामा हळूच म्हणाले, "थट्टा करताय का खरं सांगताय तेच कळंना. आता तुम्ही कसं हायेत, हे आम्ही कुणाला विचारावं?"

"सर्जेरावांना विचारा, गोकुळच्या वडलांना," आप्पा म्हणाले. भिंतीवरून द्वारकाबाईंचं डोकं वर आलं होतं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या विजेच्या खांबाकडं न बघता सरळ त्यांच्याकडं बघत होत्या. आप्पांनी आवाज जरा खाली आणला. "पण त्यांच्या मंडळींना विचारू नका. त्या खरं सांगतील."