नौपाड्याचं कपाट आणि सगुणाची जमीन

मी एक जुनं सागवानी कपाट आहे. आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावून सांगतो. मित्रांनो, मी ज्या सागाचा, त्या झाडावर वाघ नखं घासायला यायचा. माझ्या डाव्या दारावर तो ओरखडा अजून आहे. बैलगाडीतून उतरवताना लागला असं लोक म्हणतात. लोकांना वाघ कुठे ठाऊक!

नौपाड्यातल्या एका वकिलांकडे मी वीस वर्षं उभा होतो. तिथली जमीन काळ्या-पांढऱ्या लाद्यांची, इतकी गुळगुळीत, की एकदा एक चिमणी लादीतल्या चिमणीशी भांडून दमली आणि भांडणाचा निकाल मागायला माझ्या आरशाशी आली. माझे चारही पाय बारीक, कातीव. त्या जमिनीवर मी शोभायचो. पाहुणे आधी मला बघत, मग वकिलांना.

सन एकावन्नमध्ये वकील पुण्याला गेले आणि शीळफाट्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातल्या नाथाने मला घरी आणलं. नाथा मिठागरावर मुकादम. त्याच्या घरची जमीन शेणाने सारवलेली. घरात पाट, बसकी पेटी, भाताची कणगी, सगळी मंडळी जमिनीला टेकून बसणारी. मी एकटा टाचा उंचावून उभा. दर सोमवारी नाथाची बायको सगुणा सारवायची आणि ओल्या जमिनीत माझे पाय आणखी रुतायचे. दार लागेना. आरशात माणसं तिरपी दिसू लागली.

त्यांच्या मुलीच्या, शकूच्या, लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा दौलत गवंड्याने मला पाहिलं.

"नाथाभाऊ, कपाट वकिलाचं आणि जमीन शेणाची. लंगोटीवर कोट घातल्यासारखं दिसतंय. फुलांच्या लाद्या टाकू. व्याही बघत राहतील."

नाथाला पटलं. सगुणाला नाही. घराच्या मधोमध जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. या घरातल्या प्रत्येक मुलीची हळद त्यातच कांडलेली.

"उखळ उपटून अंगणात ठेवू," नाथा म्हणाला.

"एकदा हललेल्या उखळात आपल्याकडे हळद कांडत नाय. शकूची काय शेजाऱ्याच्या घरात कांडू?"

"मग कपाटाचं काय करू?"

"जिथून आणलं तिथं न्या."

"चार माणसांत हसं होईल माझं."

"आणि पोरीचं?"

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. मध्ये बसलेली शकू निरोप पोचवायची. "बाबा, आय म्हणते भाकर घ्या." "आय, बाबा म्हणतात भूक नाय." असं म्हणता म्हणता तिचाच घास हातात राहायचा. मलाही रडू यायचं, पण आरशाने रडलं की लोक म्हणतात, खाडीची हवा दमट.

तिसऱ्या दिवशी लाद्यांची गाडी दारात आली. नाथा आणि दौलत बाहेर लाद्या उतरवत होते. आत मायलेकी आणि मी. मित्रांनो, तेव्हा मी ठरवलं. पुढच्या दोन्ही पायांना म्हटलं, "पोरांनो, सोडा आता." कडकन मोडत त्यांनी सोडलं. मी तोंडावर पडलो. पडता पडता हवेतच कंबर वळवली म्हणून उखळाला धक्का लागला नाही.

नाथा धावत आला. आरशाचे तुकडे एकेक करून उचलू लागला.

"आता लाद्या कुणासाठी टाकायच्या?" दौलतने विचारलं.

त्या लाद्या बाहेर ओटीवर लागल्या. शकूची हळद उखळातच कांडली. माझे उरलेले पाय कापले. तेव्हापासून मीही जमिनीला टेकून बसतो, पोटात तांदूळ. आठ वर्षं झाली. नाथा अजून आल्यागेल्याला सांगतो, "पायच कच्चे निघाले," आणि माझ्याकडे रागाने बघतो. मी ते सोसतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा, सामान आणण्याआधी एकदा खाली बघा. बारीक पायांना दगड हवा, सारवलेल्या जमिनीला बसकं सामान. आणि जिथे आपण शोभत नाही तिथे कोणी सांगायची वाट न बघता, मी केलं तसं, स्वतःहून...

"खोटं," तांदूळ कांडता कांडता सगुणा म्हणाली. मुसळ थांबलं. ओटीवर बसलेल्या नाथाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने पुढचं सांगितलं, "मीच ढकललेलं त्याला. शकूने दुसरी बाजू धरलेली."