आळणी कढी

खंगारसिंगांच्या ओट्यावर कोजाखां तीस वर्षं जेवत आला, पण जेवणाबद्दल चांगला शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. "हुकम, ही कढी की हात धुवायचं पाणी?" असं तो मोठ्यानं म्हणायचा आणि आत खंगारसिंगांच्या पत्नी, ठकराणी, हसायच्या. आज्यापणज्यापासून कोजाचं मांगणियार घराणं या घरचं गाणारं. लग्न असो, बारसं असो, कोजा आपलं कमायचा हे तंतुवाद्य घेऊन हजर. दिल्लीचं सरकार, लग्नांची वाट लावणारे डीजे, कुणाच्या घरची सांगरीच्या शेंगांची भाजी कच्ची राहते, सगळ्यावर त्याचं मत तयार, कुणी विचारो न विचारो. खंगारसिंगही कमी नव्हते. "तुझा बाप गायचा, कोजा. तू नुसता ओरडतोस."

पाच वर्षं सरपंच असलेले खंगारसिंग त्याच पदाला दुसऱ्यांदा उभे होते. समोर चुलतभाऊ पदमसिंग, मतदान चार दिवसांवर. मांगणियारांच्या वस्तीत एकशेदहा मतं, आणि वस्ती कोजाच्या शब्दाबाहेर जात नाही. त्याच्या मनात काय आहे, या एकाच कुतूहलानं खंगारसिंगांना आठ दिवस जेवण गोड लागेना. सरळ विचारायची लाज वाटे. म्हणून त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. ताटावर बसला की हा माणूस पोटातलं सगळं ओकतो, हा त्यांचा अनुभव.

कोजानं बाजरीचा सोगरा कुस्करला, कढी ओतली, घास घेतला.

"कशी आहे?" खंगारसिंगांनी विचारलं.

"फार छान, हुकम."

"आणि सोगरा?"

"मऊ आहे. ठकराणीसांच्या हाताला चवच आहे."

आत बांगड्या वाजायच्या थांबल्या. खंगारसिंगांनी आपल्या वाटीतली कढी चाखली. मीठ घालायचंच राहिलं होतं.

"दिल्लीचं काय म्हणतोस?" त्यांनी जपून विचारलं.

"मोठ्यांच्या गोष्टी, हुकम. आम्हाला काय कळणार?"

आता काही विचारायचं उरलं नव्हतं. नावं न ठेवणारा कोजा आपला राहिला नाही, मतं गेली, हे त्यांना कळलं. त्याचं वाईट वाटलंच, पण ते 'फार छान' जास्त लागलं.

"कोजा, मत पदमला दे," ते म्हणाले. "पण माझ्या ओट्यावर पाहुण्यासारखा जेवू नकोस."

कोजाचा हात ताटातच थांबला. मग तो म्हणाला, "पदमसिंगांनी वस्तीला नळ द्यायचा शब्द दिलाय. आमच्या बायका पाण्याला दोन कोस जातात. तुम्ही पाच वर्षं 'पुढच्या साली, पुढच्या साली' म्हणत राहिलात."

"म्हटलं खरं." खंगारसिंगांनी मान हलवली. "आणि कढी?"

"आळणी आहे. शेळीसुद्धा तोंड लावायची नाही."

आत ठकराणी हसू लागल्या. खंगारसिंग उठले, स्वतः आत जाऊन मिठाचं भांडं घेऊन आले आणि कोजाच्या ताटाशी वाकून चिमूटभर मीठ टाकलं.

"चला," कोजा कढी ढवळत म्हणाला, "मीठ तरी याच साली आलं."