माझ्या हातचं तिकीट

बेबीताईला लॉटरी लागली ती माझ्या हातानं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पिंपळगाव राजा गावात आता कोणाला ते आठवत नाही. विचाराल तर म्हणतील, बेबीताईचं नशीब फळफळलं. नशीब तिचं असेल, पण हात कोणाचा होता?

माझ्या हाताला गुण आहे, असं आमच्या आळीत सगळ्याच बाया मानतात. लोणच्याच्या बरणीत पहिली फोड मी टाकली की वर्षभर बुरशी धरत नाही. कापूस लावायच्या दिवशी पहिली सरकी मातीत घालायला मलाच बोलावतात. माझे यजमान प्रेमानंद एसटीत कंडक्टर आहेत, त्यांना हे मुळीच पटत नाही. "विहारात बसून वंदना म्हणता, आन् घरी येऊन हे हातगुणाचं काय लावलं?" म्हणतात. मी ऐकून घेते आणि बोलावणं आलं की जाते. मान कोणाला नको असतो?

फक्त या गुणाची एक अट आहे. तो आपल्या स्वतःला लागू पडत नाही. म्हणून माझ्या बरणीत पहिली फोड बेबीताई टाकायची आणि तिच्या बरणीत मी. शेजारी राहायला आलो तेव्हापासूनची ही रीत.

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी आम्ही दोघी खामगावला गेलो होतो. माझं गावात बसस्टँडसमोर भाड्याच्या खोलीत शिवणकामाचं दुकान होतं, त्यासाठी अस्तर आणि रिळं आणायची होती. बेबीताई नुसती सोबतीला. बाजारात एक माणूस बंपरची तिकिटं पत्त्यांसारखी पसरून उभा होता. बेबीताई म्हणाली, "मंजू, माह्यं तिकीट तू काढ व." मी काढलं. मग रीतीप्रमाणे माझं तिनं काढलं.

परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये आम्ही मागे अंग चोरून बसलो होतो. लागली तर काय करायचं, यावरच गप्पा. माझं सगळं ठरलेलं होतं. दुकानाची खोली मालक हिंमतरावांकडून विकत घ्यायची, दर्शनी भागाला काच लावायची, काचेत साडी नेसवलेली एक पुतळी उभी करायची आणि वर पाटी, 'मंजुश्री लेडीज टेलर्स'. ती पाटी मला अंधारातही वाचता आली असती. बेबीताईला विचारलं तर म्हणे, "मले काय सुचते माय? मी त दुपारी पंखा लावून मस्त झोपीन." एवढंच. जिला काही सुचत नव्हतं तिला पहिलं बक्षीस लागलं, आणि माझ्या तिकिटाला सगळ्यात खालचंसुद्धा नाही.

बातमी आली तेव्हा मी तिला पेढा भरवला. हसलेसुद्धा. घरी येऊन मात्र ब्लाउजची बाही उलटी लावली आणि उसवताना कापडच फाडलं. मीच काढलं होतं ना ते! त्या माणसासमोर रीत मोडली असती, म्हटलं असतं, ताई, आज आपापलं काढू, तर काय बिघडलं असतं? दोन बोटांचा प्रश्न होता.

मग तिचं घर उभं राहू लागलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसायचंच बंद झालं. खाली गुळगुळीत फरशी, वर गच्चीवर मोराच्या आकाराची पाण्याची टाकी. मोराच्या पोटात पाणी! बैठकीत कपडे धुण्याचं यंत्र, त्यावर क्रोशाचं कव्हर, कारण कपडे ती अजून दगडावरच धुते. स्कूटी घेतली, ती चालवता येत नाही म्हणून चादर घालून ठेवलेली. मी मनात म्हणायची, बाई, तुला खर्च करता येत नसेल तर मला विचार. मला येतो.

तिचा नवरा पुंजाजी साधा माणूस, तो बिचारा लोकांना चहा देऊन दमला. गावच तिच्या दारात होतं. कोणाला विहाराची भिंत बांधायची होती, कोणाला मुलाचं लग्न करायचं होतं. साखरखेर्ड्याहून असे नातेवाईक आले की ज्यांची नावं तिलाच माहीत नव्हती. मागायला गेले नाही ती मी एकटीच. वास्तूला मोजून पाच मिनिटं उभी राहिले, वाटीभर खीर खाल्ली आणि दुकान उघडं आहे म्हणून निघाले. लोकांना वाटलं असेल, मंजुश्री स्वाभिमानी. कसला स्वाभिमान? तिच्याकडं पाहिलं की माझ्या छातीत नुसती जळजळ व्हायची. आजही होते.

या उन्हाळ्यात हिंमतराव दुकानात येऊन बसले. खोली विकायची आहे म्हणाले. मोबाइलवाल्यानं मागितली आहे, पण तुम्ही जुन्या भाडेकरू, आखाड लागायच्या आत काही जमलं तर तुमचा हक्क पहिला.

प्रेमानंद म्हणाले, "बेबीताईले माग ना. उसने माग. ते नाई म्हणणार नाई."

"मेले तरी नाही जाणार," मी म्हटलं.

पण दुकान गेलं तर माझं काय राहणार होतं? आळीच्या टोकाला, घरात मशीन मांडून बसले तर बसमधून उतरलेली बाई तिथवर येणार आहे का? बँकेत जाऊन आले, सोसायटीत जाऊन आले. शेवटी एका दुपारी इस्त्रीची साडी नेसले आणि निघाले. रस्ता तो केवढा, अंगणापासून अंगणापर्यंत. तेवढ्यात वाक्य घोकून घेतलं. ताई, एक काम होतं.

बेबीताई त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात एकटीच बसली होती. पुढ्यात कैऱ्यांच्या फोडींची परात, बाजूला मसाला कालवलेला. मला पाहिलं आणि तिचे डोळेच भरून आले.

"आली बाई तू! सकाळपासून वाट पाहून राह्यली मी. कोणाले पाठवू तुह्याकडे, तेच समजत नव्हतं."

"का गं?"

"लोणचं नाई का घालायचं? तुह्या हाताबिगर कसं घालू?"

मी बसले. म्हटलं, "ताई, एक..."

"थांब, मले बोलू दे," ती म्हणाली. "मंजू, दारात माणूस दिसला की मी आतल्या खोलीत जाऊन बसतो व. हा काय मागते, तो काय मागते. सख्ख्या भावानं मागितलं. नाई म्हटलं त बोलणं बंद. दुपारची झोप गेली माही, पंखा आहे न् एसी आहे तरी. साऱ्या गावात तू एकटी. तुह्या हातानं लागली, तरी एका शब्दानं मागितलं नाई. मागितलं असतं त डोळे मिटून देलं असतं मी. पण तू मागत नाई, म्हणूनच त तू माही आहे."

तिनं पदरानं डोळे पुसले. "तू काय म्हणत होती?"

वाक्य जिभेवर होतं. म्हटलं असतं तर तिनं दिलंही असतं, त्याच घटकेला. आणि त्याच घटकेला मी साखरखेर्ड्याच्या पाहुण्यांच्या ओळीत जाऊन बसले असते, सगळ्यात शेवटी. तिच्याकडं घर होतं, मोर होता, एसी होता. गावात कोणाकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे निघाली होती, आणि तीसुद्धा तिनंच दिलेली. ती माझ्यानं सोडवेना.

"काही नाही," मी म्हटलं. "फोडी नीट कोरड्या झाल्या का, तेच विचारत होते."

हात धुतला, पुसला आणि पहिली फोड तिच्या बरणीत टाकली. टाकताना मनात आलं, नासू दे.

"तुह्यं कधी घालायचं? मी येतो," बेबीताई म्हणाली.

"मी घातलं," मी सांगितलं. घातलं नव्हतं. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी माझ्या हातानं घातलं. म्हटलं, पाहू तरी.

हिंमतरावांची खोली मोबाइलवाल्यानं घेतली. आता तिथं काच आहे, आणि काचेत एक पुतळीही आहे, हातात मोबाइल धरलेली. माझी मशीन घरी भिंतीला लावलेली आहे. बेबीताईनं विचारलं, दुकान काऊन बंद केलं? मी सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो. तिनं लगेच डॉक्टरचं विचारलं. मी म्हटलं, औषध चालू आहे.

पंधरा दिवसांत माझ्या लोणच्यावर पांढरी बुरशी आली. मी बरणी उकिरड्यावर रिकामी करत असताना बेबीताईनं मोराच्या टाकीखालून पाहिलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी पुंजाजींच्या हाती तिच्या लोणच्याची बरणी आली. लालभडक, वर बोटभर तेल. प्रेमानंद दोन पोळ्या जास्त जेवले.

मीही खाल्लं. चव फार चांगली उतरली आहे. माझ्याच हातची.