हेस्टरबाईंच्या संडासातलं चित्र

इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली, दोनशे वर्षांपूर्वीची टवाळ चित्रं जमवायचा मला नाद आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हातानं रंगवलेली. बड्या लोकांची यथेच्छ खिल्ली! माझ्याकडच्या एका चित्रात वैद्यबुवा लॉर्डसाहेबांचा सुजलेला पाय चाचपतात. जोडीच्या चित्रात साहेब त्याच पायानं वैद्यबुवांना लाथ घालतात. ही लाथ हेस्टर पेनफोल्ड नावाच्या विधवा बाईंच्या संडासात टांगलेली आहे. असली चावट चित्रं आमच्या चेल्टनहॅममध्ये तिथंच लावतात.

त्या लाथेपायी मी दर गुरुवारी त्यांच्याकडे चहाला जातो. बसतो न बसतो तोच संडासात पळतो, अंधूक दिव्यात काचेला नाक लावून बघतो आणि बाहेर येऊन विचारतो, "विकता का?"

"नाही. आणि डॉक्टर, जन्मभर लोकांचे दात बघितलेत, आता स्वतःचं मूत्राशय दाखवा कुणाला तरी."

या गुरुवारी संडास रंगवायला काढला होता. चित्र बैठकीतल्या खिडकीशी टेकवलेलं. बाई चहा आणायला गेल्या, तसं मी खिशातलं भिंग काढलं. बघतो तर काय, कोरलेल्या रेघांच्या जागी नुसते ठिपके! हल्लीच्या छापखान्यातली नक्कल!

आधी बाईंचा संताप आला. मग ध्यानात आलं, हे बोललो, तर गुरुवारचं निमित्तच संपलं. आणि खरं सांगतो, लाथेपेक्षा बाईंच्या टोमण्यांची मला केव्हाचीच जास्त ओढ लागली होती.

बाई ट्रे घेऊन आल्या. मी घाईनं विचारलं, "विकता का?"

"भिंग अजून हातातच आहे, डॉक्टर. दिसले ठिपके?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या ह्यांनी भेटकार्डांच्या दुकानातून आणलं होतं. फ्रेमसकट."

"मग इतकी वर्षं भाव कशाला खाल्लात?"

बाईंनी किटलीवरची, चहा गरम ठेवणारी लोकरी टोपी उगाचच नीट केली. "विकलं असतं, तर घरी नेऊन तासाभरात ओळखलं असतंत. मग कशाला फिरकला असतात इकडे?"

या वयात माझे कान तापले. चहा ओतायला त्या वाकल्या, तेवढ्यात मी विचारून टाकलं, "उद्या पण येऊ का?"

"उद्या शुक्रवार, जेवायला मासे असतात," बाई म्हणाल्या. "भूक ठेवून या."