डावं पायडल

कचरूनं जुनं डावं पायडल काढून चिंधीवर ठेवलं, तेव्हा कुठे जनकाबाईच्या जिवात जीव आला. पाना त्यानं बरोबर मागच्या बाजूला ओढला होता. डाव्याचं निम्मं काम निभावलं. आता नवं बसवायचं तेवढं राहिलं.

मेहकरच्या बसस्टँडमागचं हे सायकलचं दुकान चव्वेचाळीस वर्षांचं. हल्ली आठवड्यातून एखादं गिऱ्हाईक आलं तर आलं. आजचं गिऱ्हाईक म्हणजे महादेवराव, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सगळं गाव मोटारसायकलवर बसलं तरी ह्या भल्या माणसानं सायकल सोडली नाही, आणि कचरूलाही सोडलं नाही. दोन्ही पायडलं बदलून दे म्हणाले आणि बाकावर पेपर उघडून बसले.

जनकाबाई मात्र नवऱ्याच्या हातांवरून नजर हलवत नव्हती. कचरू विसरत चालला होता. गेल्या महिन्यात लेकीच्या, समताच्या, लग्नाची पत्रिका घेऊन शेजारी आवतण द्यायला गेला. लग्नाला अकरा वर्षं झालेली! खामगावच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, ह्याला औषध नाही. समता म्हणाली, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. पण दुकान गेलं तर ह्या माणसात उरणार काय? जनकाबाईनं लेकीला एकच सांगितलं होतं, "जोवर तुह्या बाबाचा हात चुकत नाही, तोवर दुकान चालू राहीन. चुकला की मीच कुलूप लावीन."

आणि चुकला तर तो डाव्या पायडलातच चुकणार, हे तिला ठाऊक होतं. उजव्या पायडलाचे आटे सरळ, डाव्याचे उलटे, चालवताना सुटू नये म्हणून. दिसायला दोन्ही सारखीच. नवखे इथंच फसतात आणि पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे आटे खाऊन टाकतात. कचरू मात्र डोळे मिटून आट्यांवर अंगठा फिरवायचा आणि डावं-उजवं सांगायचा. एवढ्या वर्षांत बघून बघून जनकाबाईलाही ते लांबूनच ओळखू यायला लागलं होतं.

आताही त्यानं नव्या जोडीतलं एक उचललं, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

"डावं," तो म्हणाला.

ते उजवं होतं.

जनकाबाई टोकायला पुढे झाली. शब्द ओठांवर आले होते, पण मागच्या आठवड्यात तिनं चहावरून टोकलं, "आत्ताच तं घेतला," तर माणूस भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडला होता. मास्तरांसमोर कसं टोकायचं? आणि खरं सांगायचं तर तिला अजून आशा होती. पहिला आटा धरेना की हात आपोआप थांबेल, असं तिला वाटलं.

हात थांबला नाही. पायडल आत जाईना तसा त्यानं पाना लावला आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर घातला. कर्रकन आवाज झाला. लोखंडाचा चकचकीत कीस खाली सांडला.

"काऊन जाऊन नाही राह्यलं हे?" कचरू पुटपुटला.

मास्तरांनी पेपर खाली केला. "राहू दे, कचरू. दांडाच जुना हाय."

कचरूनं पायडल ओढून काढलं. हात पुसले, चिंधीची नीट घडी केली. मग त्यानं सायकलीकडे पाहिलं, ती आत्ताच कुणी दारात आणून लावावी तसं. वाकून दांड्याच्या भोकात बोट घातलं, आणि त्याचा चेहरा पालटला. कित्येक महिन्यांनी जनकाबाईला तो जुना, कामावरून खवळणारा कचरू दिसला.

"मास्तर, कोन्या गाढवानं केलं हे? उजवं पायडल डाव्यात कोंबलं! सारे आटे खाऊन टाकले!"

मास्तरांनी जनकाबाईकडे पाहिलं. पाहवेना, म्हणून पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"अशा मानसाच्या हाती पाना देऊच नाही," कचरू तावातावानं म्हणाला. "चालता चालता पायडल निघालं तं एखाद्याची मान मोडन. खरं की नाही, जने?"

"खरं हाय," जनकाबाई म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

"कोन होता थो?"

"होता एक. चांगला मिस्त्री होता."

"चांगला म्हने!" कचरू हसला. "डावं-उजवं समजत नाही अन् चांगला!" त्यानं खाली पडलेला पाना उचलला, पुसला आणि तिच्या हातात दिला. "हा ठेव कुलपात. थो आला तं देऊ नको."

"नाही देनार."

तिनं पाना पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. कचरू समाधानानं बघत होता. मग सायकलीजवळ उकिडवा बसून त्यानं हात पुढे केला.

"आन आता पाना. मास्तरची सायकल मी नीट करून देतो."